मान हलली की फाउल

काका,

माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा आहे. कॉलेजात असताना चांगला बॉक्सर होता. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या उपांत्य फेरीत समोरच्याचे ठोसे नुसते हवेत जात होते आणि प्रेक्षक हसत होते, तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. पुढे त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ऑपरेशन झालं, पण पाय पूर्वीसारखा वळेना. दोन वर्षं तो जिममध्ये इतरांच्या ठोशांच्या सरावासाठी पॅड धरतोय.

आता त्याला थप्पड स्पर्धेत उतरायचं बोलावणं आलंय. बाबा म्हणतात, हा खेळच नव्हे, थेरं आहेत. भाऊ म्हणतो, अमेरिकेत नेवाडा राज्याने रीतसर मान्यता दिली आहे, वजनगट आहेत, पंच आहेत, डॉक्टर आहेत. बॉक्सिंगमध्ये शेकडो ठोसे खावे लागतात, इथे तीनच थपडा. यूएफसी या मिश्र मार्शल आर्टच्या लीगलाही लोकांनी आधी नावंच ठेवली होती. मला दोघांचंही पटतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्लिप मीही बघते, बघताना हसलेयसुद्धा. तुम्ही इतकी वर्षं रिंगमध्ये पंच होता. हा खेळ आहे की नाही, एकदाचं सांगून टाका. घरातला वाद तरी मिटेल.

– एक बहीण

* * *

वाद मिटणार नाही, हे आधीच सांगतो. तुझे बाबा आणि तुझा भाऊ एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडतायत. आपल्या भाषेत ‘खेळ’ फार ऐसपैस आहे. पत्त्यांचा खेळ असतो, सर्कशीचा असतो, डोंबाऱ्याचा असतो, सिनेमाचा रात्री नऊचाही असतो. त्या अर्थानं थप्पड स्पर्धा हा खेळ आहेच. तिकीट लावतात, लोक जमतात, दिवे लागतात. पण भावाला तो खेळ नकोय. त्याला ज्याला आपण क्रीडा म्हणतो ते हवंय, म्हणजे ज्यात हरून घरी आलं तरी आई ओवाळते ते. परवानगीचा प्रश्न नेवाडानं सोडवला असेल, त्याला मान हवाय.

आणि नेमकी मान हाच या प्रकाराचा घोळ आहे. शब्दाचा खेळ करत नाही, खरंच सांगतो.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कमरेइतक्या उंचीच्या टेबलाच्या दोन बाजूंना दोघे उभे राहतात. नाणेफेक होते. जिंकलेला बहुधा आधी मारतो. समोरचा दोन्ही हात पाठीमागे बांधल्यासारखे धरून, कानात बोळे आणि दातांवर रक्षक घालून उभा राहतो. मारणाऱ्यानं उघड्या पंज्यानं, डोळ्याखाली आणि हनुवटीच्या वर, गालावर मारायचं. तळव्याची टाच आधी लागली तर फाउल, पाय उचलला तर फाउल. मग पाळी बदलते. साध्या लढतीत तीन फेऱ्या, किताबाच्या लढतीत पाच. तोवर कुणी आडवा झाला नाही तर परीक्षक गुण देतात. ते मारणाऱ्याच्या फटक्याचा परिणाम बघतातच, शिवाय खाणाऱ्याची प्रतिक्रिया कशी होती आणि तो किती लवकर सावरला तेही बघतात.

आता यातला एक नियम बाजूला काढ, कारण माझं सगळं उत्तर त्यातच आहे. थप्पड खाणाऱ्यानं मान वळवायची नाही, खांदा वर घ्यायचा नाही, हनुवटी आत ओढायची नाही, अंग चोरायचं नाही. तसं केलं की फाउल, आणि समोरच्याला तीच थप्पड पुन्हा मारायची संधी.

मी एकोणीस वर्षं हौशी बॉक्सिंगमध्ये पंच होतो. (ठोसा मारणाऱ्यालाही पंच लागतो आणि तो मोजणाऱ्यालाही, हा विनोद आम्ही प्रत्येक स्पर्धेत नव्यानं केल्यासारखा करायचो.) त्या वर्षांत मी नियमांची तीन-चार पुस्तकं बदललेली पाहिली. गुण मोजायची पद्धत बदलली. पुरुषांचे हेडगार्ड गेले, 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मुलं उघड्या डोक्यानं लढली. पण कुठल्याही पुस्तकात, कुठल्याही खेळाच्या, मी असा नियम वाचला नाही की स्वतःला वाचवलंस तर दंड होईल. वेळकाढूपणाला दंड असतो, पळ काढला तर ताकीद मिळते. पण ठोसा येताना मान बाजूला घेणं ही बॉक्सिंगमधली सगळ्यात देखणी गोष्ट. कबड्डीत चढाई करणारा निसटतो, तलवारबाज पातं अडवतो, फलंदाज उसळता चेंडू खाली वाकून सोडून देतो. शरीर स्वतःला वाचवू बघतं, हा त्याचा जन्मजात स्वभाव आहे. खेळ त्या स्वभावाला घडवतो. थप्पड स्पर्धा त्याला गप्प बसवते.

म्हणून माझ्यापुरता निकाल असा की ही ताकदीची आणि सोसण्याची चढाओढ आहे, पण क्रीडा नव्हे. कारण यात दोन खेळाडू एकाच वेळी कधीच खेळत नाहीत. एक करतो तेव्हा दुसरा नुसता असतो.

तुझ्या भावाला हे पटणार नाही. तो म्हणेल, वेटलिफ्टिंगमध्ये तरी दोघं एकाच वेळी कुठे खेळतात? गोळाफेकीत कुठे? बरोबर आहे. पण तिथे गोळा जमिनीवर पडतो.

त्याच्या बाकीच्या मुद्द्यांना मी टाळणार नाही, कारण मुलगा विचार करून बोलतोय.

नेवाडाचं आधी. तिथल्या क्रीडा आयोगानं ऑक्टोबर 2022 मध्ये या प्रकाराला आपल्या देखरेखीखाली घेतलं हे खरं. पण सरकारी मान्यता म्हणजे गुणवत्तेचं प्रशस्तिपत्रक नव्हे. आयोगाचा अर्थ इतकाच की हे होणारच असेल तर डॉक्टर हजर असू दे, वजन करून घ्या, अठरा वर्षांखालचा कुणी नको. आणि त्या वेळी आयोगाचे अध्यक्ष असलेले स्टीफन क्लूबेक यांनीच पुढे जाहीरपणे म्हटलं की ती मान्यता देण्यात आपली चूक झाली. भाऊ नेवाडाचा दाखला देतोय तर तो पुरता द्यावा.

यूएफसीचा मुद्दा मात्र वजनदार आहे. थप्पड स्पर्धेची सगळ्यात मोठी लीग, पॉवर स्लॅप, काढणारे डेना व्हाइट हे यूएफसीचेच प्रमुख, आणि हा युक्तिवाद तेही करतात. नोव्हेंबर 1993 मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली तेव्हा जवळपास नियमच नव्हते. सिनेटर जॉन मॅकेन यांनी त्याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं होतं. आज तो खेळ जगभर चालतो आणि त्यातले लोक खेळाडू म्हणवून घेतात, मीही त्यांना तसंच म्हणतो. पण मधल्या काळात झालं काय ते बघ. वजनगट आले, हातमोजे सक्तीचे झाले, वेळेच्या फेऱ्या आल्या, मानेच्या मागे ठोसा मारण्यासारख्या गोष्टी बाद झाल्या, आणि 2001च्या सुमारास न्यू जर्सीत ते सगळं एका नियमावलीत बसलं. धोका कमी करत नेला तरी लढत शिल्लक राहिली, कारण मुळात तिथे लढत होती. आता हाच प्रयोग थपडेवर करून बघ. अंग चोरायला परवानगी दे. हात वर घ्यायला परवानगी दे. दोन मिनिटांत ते वाईट दर्जाचं बॉक्सिंग होईल. म्हणजे जो धोका काढायचा, तोच या प्रकाराचा गाभा आहे. मुलाम्यात असता तर घासून काढता आला असता.

तीन थपडा विरुद्ध तीनशे ठोसे, हाही मूळ व्हाइट यांचाच हिशोब. ऐकायला बिनतोड वाटतो. पण बॉक्सिंगमधले कित्येक ठोसे हातांवर, खांद्यावर, पोटावर पडतात. जे डोक्याला लागतात त्यांतलेही बरेच ठोसे मान वळत असताना, निसटते लागतात. थप्पड स्पर्धेत प्रत्येक फटका डोक्यालाच, पुरता, आणि ठरवून. शिवाय मारणाऱ्याला नेम धरायला आणि पवित्रा जमवायला वेळ दिलेला. मोजायचंच असेल तर न चुकवता घेतलेले ठोसे मोजावेत, आणि तुझ्या भावाच्या त्या उपांत्य फेरीत ते किती होते ते त्यालाच विचार.

इथे थोडं मेंदूबद्दल, कारण घरात कुणीतरी नक्की म्हणत असेल की गालावर तर मारतात. कवटीत मेंदू पाण्यात तरंगल्यासारखा असतो. सरळ धक्क्यापेक्षा त्याला पीळ जास्त सोसत नाही. गाल आणि जबडा मानेच्या आसापासून लांब, म्हणून तिथे जोराचा फटका बसला की डोकं दारासारखं गर्रकन फिरतं, कवटी आधी वळते आणि मेंदू मागून ओढला जातो. त्यातले बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. सीटी स्कॅनमध्ये यातलं बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. आणि कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूचं काम काही काळ बिघडणं, झालेल्या दहा माणसांत बेशुद्ध पडणारा एखादाच असतो. बाकीचे उभेच असतात, हसतातही. त्यामुळे ‘तो तर पडला नाही’ याला अर्थ नाही.

पिट्सबर्ग विद्यापीठातल्या मेंदूशल्यचिकित्सकांच्या गटानं या लढतींचे व्हिडिओ बसून पाहिले आणि 2024 मध्ये निष्कर्ष छापले. 78 लढती, 56 स्पर्धक, 333 थपडा. त्यातल्या 78.6 टक्के स्पर्धकांमध्ये निदान एकदा तरी कन्कशनची उघड लक्षणं दिसली, म्हणजे शून्यात लागलेली नजर, तोल जाणं, उठायला वेळ लागणं असं. नुसत्या डोळ्यांना दिसलेली ही. आकडा वाचून मला धक्का बसला नाही, आणि त्या न बसण्याचाच मला जास्त त्रास झाला.

पोलंडमध्ये व्रोत्सवाफला 22 ऑक्टोबर 2021 रोजी अशाच एका स्पर्धेत आर्तुर वाल्चाक कोसळला. चांगला दणकट गडी, ताकदीच्या स्पर्धांमध्ये नाव असलेला. मेंदूत रक्तस्राव झाला, महिनाभर कोमात होता आणि 26 नोव्हेंबरला गेला. वय 46. ताकद मारताना कामाला येते. खाताना तिचा उपयोग फारसा नाही, हे त्याच्याइतकं कुणी सिद्ध केलं नसेल.

आता तू म्हणशील, काका, बॉक्सिंगनं काय कमी माणसं खाल्ली? नाही ग, कमी नाही खाल्ली. 1928 साली अमेरिकन डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी जुन्या मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीबद्दल आणि बोबड्या बोलण्याबद्दल लिहिलं, ते मुळात आमच्याच खेळाबद्दल होतं. 1982 मध्ये लास व्हेगासला कोरियाचा मुष्टियोद्धा किम दुक-कू चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांनी मेला, तेव्हा कुठे वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलनं किताबी लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. स्वीडननं 1970 मध्ये आणि नॉर्वेनं 1981 मध्ये व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदीच घातली होती, ती उठायला तीसेक वर्षं गेली. तिथल्या बंदी घालणाऱ्यांना मी कधी मूर्ख म्हटलं नाही. माझा खेळ स्वच्छ आहे असा माझा दावा नाही. माझा दावा एवढाच आहे की तिथे माझ्यासारख्या माणसाला मध्ये पडायचं काम दिलेलं असतं.

त्याचं एक सांगतो. एकदा एका मुलाला दुसऱ्या फेरीत डाव्या कानशिलावर ठोसा बसला. मी आठ आकडे मोजले, त्याचे डोळे पाहिले, विचारलं, ‘ठीक आहेस?’ ‘हो सर.’ आवाज खणखणीत. पाय किंचित आखडलेले वाटले, पण घरच्या प्रेक्षकांसमोरची लढत, गुणांत तो पुढे, आणि फेरीची वीसेक सेकंद उरलेली. मी खेळ चालू दिला. त्या वीस सेकंदांत त्याला आणखी दोन ठोसे बसले. तो जिंकला. हात मीच उंचावला. नंतर कपडे बदलायच्या खोलीत गेलो तर तो प्रशिक्षकाला विचारत होता, माझी लढत कितीला आहे? उत्तर दिलं की दोन मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी बाहेर आलो. मुलगा बरा झाला, त्याला पुढे मुलंबाळं झाली, लग्नाला मी गेलो होतो. पण ती वीस सेकंदं माझ्या नावावर आहेत.

हे सांगायचं कारण असं. बॉक्सिंगच्या पुस्तकाप्रमाणे मी चुकलो. नियम माझ्या विरुद्ध साक्ष देतो. डोक्याच्या फटक्यानं बाद झालेल्या हौशी मुष्टियोद्ध्याला किमान तीस दिवस रिंगमध्ये येता येत नाही, सरावातही नाही, आणि पुन्हा पुन्हा झालं तर ती मुदत वाढत जाते. साऱ्या खेळांत आज एकच शिकवण आहे, शंका आली की खेळाडूला बाहेर काढा. थप्पड स्पर्धेत मात्र भेलकांडलेल्या माणसाला घड्याळ दाखवतात, पुन्हा टेबलापाशी उभा रहा म्हणतात, आणि तो किती झटपट उभा राहिला याचे परीक्षक गुण देतात. माझी जी चूक होती, ती तिथे गुण मिळवायची पद्धत आहे. त्या जागी पंच म्हणून उभं राहायला मला कुणी लाख रुपये दिले तरी मी काय करू? वाचवायचं कुणाला आणि कधी?

आता सरावाचं. भाऊ सराव कसला करणार हे एकदा विचार. थप्पड मारायचा सराव होतो. कंबर कशी फिरवायची, पंजा कसा सपाट लावायचा, त्यात तंत्र आहे, मी नाही म्हणत नाही. रशियात क्रास्नोयार्स्कला 2019 मध्ये जिंकून जगभर व्हायरल झालेला वासिली कामोत्स्की हा शेतकरी नुसता जाडजूड होता असं समजू नकोस, हात सुटायची त्याची वेळ फार अचूक होती. पण खायचा सराव कसा करणार? मान बळकट करता येते, थोडा उपयोग होतो. बाकी खाण्याचा सराव म्हणजे खाणं. बॉक्सर दहा वर्षं घाम गाळतो ते कमी ठोसे लागावेत म्हणून. इथे दहा वर्षं मुरलेला आणि काल आलेला, दोघं टेबलापाशी सारखेच उघडे. आणि नाणं ज्याच्या बाजूनं पडलं त्यानं पहिल्याच थपडेत काम उरकलं तर दुसऱ्याला हात उचलायचीही पाळी येत नाही. कित्येक महिन्यांची तयारी, आणि निकाल नाणेफेकीत.

तू क्लिप बघून हसलीस त्याबद्दल फार मनाला लावून घेऊ नकोस. मीही पाहिल्या आहेत, तुला उत्तर द्यायचं म्हणून सुरुवात केली आणि अर्धा तास गेला. थपडेत काहीतरी मुळातच हसू आणणारं आहे. आपल्याकडे तिला किती शब्द आहेत बघ: चापट, चपराक, मुस्कटात, कानाखाली, कानशिलात, आणि वर पुन्हा ‘श्रीमुखात’, म्हणजे मारताना आदरार्थी बहुवचन. ठोशाला एवढी श्रीमंती नाही. ठोसा बरोबरीच्याला मारतात. थप्पड वरचा खालच्याला मारतो, आणि मारण्यापेक्षा पाणउतारा त्यात जास्त असतो. म्हणून पाहणारा हसतो. पॉवर स्लॅपचा कार्यक्रम जानेवारी 2023 मध्ये टीव्हीवर यायच्या तोंडावर व्हाइट यांनी नववर्षाच्या पार्टीत स्वतःच्या पत्नीला थप्पड मारल्याचा व्हिडिओ बाहेर आला. त्यांनी माफी मागितली, कार्यक्रम एक आठवडा पुढे गेला आणि मग सुरू झाला. एका ठिकाणी ज्या हाताबद्दल माफी मागायची, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या कृतीला गुण. मी यातून काही मोठं तत्त्व काढत नाही, फक्त तो आठवडा मला फार छोटा वाटला.

बरं, आता घरात काय करायचं.

पहिलं म्हणजे ‘हा खेळच नाही’ हे वाक्य बाबांना काही दिवस गिळायला सांग. वाक्य माझ्या मते खरं आहे, पण भावाला त्यातून ऐकू येतं ते वेगळं. तू पत्रात एक गोष्ट जाता जाता लिहिलीस, मी तिथेच थांबलो. गुडघा. बॉक्सिंग पायांवर चालतं. थप्पड स्पर्धा ही लढतीची जगातली अशी एकमेव जागा असेल जिथे पाय हलवायचेच नसतात, हलवले तर फाउल. दोन वर्षं दुसऱ्यांसाठी पॅड धरणाऱ्या मुलाला कुणीतरी म्हणालं, तुझ्या त्या पायासकट ये. हे बोलावणं त्याला किती गोड लागलं असेल! त्याला थप्पड हवी आहे असं मला वाटत नाही. त्याला पुन्हा कुणीतरी नाव पुकारायला हवंय.

त्याच्याशी तू एकटीनं बोल, आणि वाद न घालता विचार. आयोजक कोण आहेत? लढतीआधी डोक्याची तपासणी कोण करणार? लढत थांबवायचा अधिकार डॉक्टरला आहे की फक्त पंचाला? बाद झाल्यावर किती दिवस उतरू देणार नाहीत? रुग्णवाहिका दारात असेल की फोन केल्यावर येईल? औषधपाण्याचा खर्च कुणाचा? ही उत्तरं तोंडी घेऊ नका, कागदावर मागा. खरा आयोजक देईल. जो टाळाटाळ करेल त्याच्याबद्दल भावाला वेगळं काही सांगावं लागणार नाही, तो बॉक्सर आहे, हुलकावणी ओळखतो. आणि बॉक्सिंगच्या दिवसांत त्याला कधी डोक्याला मार बसून गरगरलं होतं का, काही आठवेनासं झालं होतं का, हे तर विचारच. तसं असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय जायचं नाही, एवढा हट्ट करायचा तुला मोठ्या बहिणीचा हक्क आहे.

इतकं करूनही तो गेला तर? चोवीस वर्षांचा माणूस आहे, जाऊ शकतो. मग अबोला धरू नका. तू सोबत जा. लढतीनंतर त्याला गाडी चालवू देऊ नकोस, दारू नाही, आणि पुढचे दोन दिवस तो एकटा राहणार नाही असं बघ. झोपू द्यायचं नाही ही जुनी समजूत सोडून दे, झोपू दे, पण अधूनमधून उठवून धड बोलतोय ना ते पाहा. डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, बोलणं जड झालं, डोळ्यांतली एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, हातापायातला जोर गेला, आकडी आली किंवा उठवून उठेना, तर सकाळची वाट पाहायची नाही, थेट मोठं हॉस्पिटल. वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनानं द्यायची नाही, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. आणि डॉक्टरनं मोकळं केल्याशिवाय डोक्याला दुसरा फटका नाही, थपडेचाही नाही, फुटबॉलचाही नाही.

हे सगळं वाचून तो चिडेल. चिडू दे. पण त्याला एक निरोप दे माझा. हौशी बॉक्सिंगला पंच आणि परीक्षक कायम कमी पडतात. त्या कामाला पाय लागतात, पण वळायला लागतात तितके नाही, आणि डोळा त्याच्याकडे आहेच. परीक्षा असते, अभ्यास करावा लागतो, पहिली दोन वर्षं शिव्याच मिळतात. मी थपडेचा विषयही काढणार नाही. सदराच्या पत्त्यावर त्यानं दोन ओळी लिहाव्यात, बाकी मी बघतो.

आणि त्या उपांत्य फेरीचं कुणी शूटिंग केलं असेल तर तेवढं पाठव. ठोसे हवेत जात होते म्हणालीस, तर तो उजवीकडे जास्त निसटत होता की डावीकडे, हे मला बघायचंय.